पडक्या किल्ल्याला साडेचार तारे: हायडेलबर्ग

पाटबंधारे खात्यात मी बत्तीस वर्षं काढली आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे कुठेही गेलो की आधी नदी बघतो, मग दगडकाम बघतो आणि वेळ उरला तर देखावा. हा अभिप्राय त्याच खोडीतून लिहिलेला आहे. ज्यांना फोटो कुठून चांगला येतो एवढंच हवंय त्यांनी जुन्या पुलावरून पलीकडच्या काठाला जावं, ऊन उतरल्यावर. त्यांचं काम झालं.

आमची मुलगी मानहाइमला असते. मे २०२३ मध्ये आम्ही दोघं तिच्याकडे दीड महिना होतो. त्याच महिन्यात जर्मनीत ४९ युरोंचा महिन्याचा पास सुरू झाला. साध्या गाड्या, बस, ट्राम सगळं त्यात, फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या नाहीत. मुलीने आम्हा दोघांचे पास आपल्या मोबाइलवरून काढून दिले आणि म्हणाली, "बाबा, आता घरात बसलात तर पैसे वाया." पैसे वाया जातात म्हटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी बूट घातले. (पास नंतर आपोआप पुढे चालू राहतो, महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द करावा लागतो. हे ध्यानात ठेवा.)

पहिली चूक आम्ही स्टेशनवरच केली. ‘हायडेलबर्ग’ अशी पाटी दिसली आणि उतरलो. बाहेर आलो तर समोर काचेच्या इमारती, ट्रामचे रूळ, सायकलींचा समुद्र. किल्ला कुठे, नदी कुठे? ते मुख्य स्थानक. पूर्वी स्टेशन गावाजवळ होतं, १९५५ मध्ये ते पश्चिमेला हलवलं, आणि जुनं गाव तिथून तीनेक किलोमीटरवर आहे. मानहाइमकडून येणार असाल तर एस-वन किंवा एस-टू गाडीत बसून राहा आणि ‘हायडेलबर्ग-आल्टश्टाट’ला उतरा. आल्टश्टाट म्हणजे जुनं गाव. तिथून कार्ल्सटोर नावाच्या दगडी वेशीजवळून चालत गावात शिरता येतं. आम्ही मात्र तेहतीस नंबरच्या बसने राटहाउस-बेर्गबान थांब्यापर्यंत गेलो. तीही सोय वाईट नाही, पण वेशीतून गावात शिरायची मजा हुकली ती हुकलीच.

कॉर्नमार्क्ट नावाचा छोटा चौक आहे, मधोमध मेरीमातेचा पुतळा. तिथून मान वर केली की किल्ला थेट डोक्यावर येतो. लाल वालुकाश्म, मागे गर्द झाडीचा डोंगर, आणि खिडक्यांतून आरपार दिसणारं आभाळ. सौ. म्हणाली, "अहो, याला छप्परच नाही." मी म्हटलं, तेच तर बघायला आलोय.

वर जायला तीनशेवर पायऱ्या आहेत. माझ्या डाव्या गुडघ्याचं आणि पायऱ्यांचं २०१९ पासून जमत नाही, म्हणून आम्ही बेर्गबान घेतली. डोंगरउतारावर रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, रहाटाला दोन बादल्या लावाव्यात तसं. किल्ल्याच्या तिकिटातच किल्ल्यापर्यंतचं जाणं-येणं धरलेलं असतं, वेगळं तिकीट काढायला जाऊ नका. तेव्हा माणशी ९ युरो होते, त्यात अंगण, वाइनचं मोठं पिंप आणि औषधशास्त्राचं संग्रहालय एवढं येतं. आतल्या दालनांची गाइडबरोबरची फेरी वेगळ्या तिकिटाची आहे. ती आम्ही सोडली, कारण माझं बघणं बाहेरच्या भिंतींवरच संपत नव्हतं. गाडी किल्ल्याच्या पुढेही जाते, मोल्केनकुअर थांब्यावर बदलून पार क्योनिगश्टूल डोंगराच्या माथ्यापर्यंत, ५६८ मीटर उंचीवर. वरच्या टप्प्यावर १९०७ चे लाकडी डबे अजून चालतात. खडखड करत, पण काय नेटकं सांभाळलंय!

आता मुख्य गोष्ट. किल्ल्यात शिरल्यावर सगळे लोक गर्दी करून अंगणात जातात. तुम्ही आधी जाऊ नका. खंदकाच्या कडेने बागेच्या बाजूला चला आणि फुटका बुरूज बघा. जर्मन लोक त्याला गेश्प्रेंग्टर टुर्म म्हणतात, म्हणजे सुरुंगाने उडवलेला बुरूज. पूर्वी इथे दारूगोळा असायचा. भिंतीची जाडी साडेसहा मीटर. साडेसहा! आपल्याकडे दोन खोल्यांचं घर त्या जाडीत मावेल. १६९३ मध्ये फ्रेंचांनी त्याला सुरुंग लावला. बुरुजाची एक बाजू सुटली, पण विखुरली नाही. तो प्रचंड तुकडा अख्खाच्या अख्खा खंदकात घसरला आणि जिथे टेकला तिथे आजही तसाच तिरका टेकून आहे. मोडेन पण वाकणार नाही हे आपण भाषणात ऐकतो, इथे ते चुन्यात आणि दगडात उभं आहे. बुरुजाचा छेदच उघडा पडल्यामुळे मजल्यामागून मजला कसा चढवलाय, कमानी कशा बसवल्यात, हे सगळं नकाशावर काढल्यासारखं दिसतं. मी तिथे पाऊण तास उभा होतो. सौ. ने तेवढ्या वेळात मुलीला दोनदा फोन केला. दुसऱ्या फोनवर तिचं वाक्य मला ऐकू आलं, "तुझे बाबा भिंतीशी बोलतायत."

हा किल्ला कोणी मोडला त्याची हकिकत थोडी गुंतागुंतीची आहे, पण ऐकण्यासारखी आहे. हायडेलबर्ग ही पॅलाटिनेट नावाच्या राज्याची राजधानी. तिथला राजा ‘इलेक्टर’, म्हणजे सम्राट निवडायचा हक्क असलेल्या मोजक्या सरदारांपैकी एक. इथली राजकन्या एलिझाबेथ शार्लोट, लाडाचं नाव लिझेलोट, फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या भावाला दिली होती. माहेरचं घराणं निपुत्रिक झाल्यावर लुईने भावजयीच्या नावाने वारसाहक्क सांगितला आणि फौजा पाठवल्या. १६८९ मध्ये त्यांनी किल्ला जाळला, तट-बुरूज उडवले, आणि १६९३ मध्ये परत येऊन उरलंसुरलं उडवलं. गावही जवळजवळ सगळं जळालं. आपल्या नावाने आपलंच माहेर बेचिराख होतंय हे त्या बिचारीला व्हर्सायमध्ये बसून ऐकावं लागलं. १६८९ म्हटलं की मराठी माणसाला दुसरंच काहीतरी आठवतं. त्याच वर्षी संभाजीराजे गेले आणि रायगड पडला. इकडे हा किल्ला जळत होता तेव्हा तिकडे काय चाललं होतं, हे डोक्यात आलं आणि क्षणभर तो लाल दगड परका वाटेना.

पुढे सत्तरेक वर्षं डागडुजी, अर्धवट बांधकामं असं चाललं. १७६४ मध्ये तेव्हाचा इलेक्टर कार्ल थिओडोर इथे राहायला यायच्या बेतात होता, तर किल्ल्यावर वीज पडली, तीही दोनदा. त्याने तो बेत सोडला तो सोडलाच. त्यानंतर किल्ल्याची झाली खाण. ज्याला दगड हवा त्याने न्यावा. हे कुठल्याही गावात असंच होतं, पडक्या वाड्याची चौकट शेजाऱ्याच्या गोठ्याला लागते. आणि ते थांबवलं कोणी? एका फ्रेंच माणसाने! शार्ल द ग्रेंबेर्ग नावाचा सरदार १८१० मध्ये इथे आला, किल्ल्याच्या प्रेमात पडला आणि १८६४ मध्ये मरेपर्यंत हललाच नाही. स्वतःच्या खर्चाने चित्रं काढवून घेतली, वस्तू जमवल्या, दगड चोरणाऱ्यांच्या मागे लागला. फ्रेंचांनी मोडलेला किल्ला फ्रेंचानेच राखला.

आता अंगणात जा. उभं राहायची जागा सांगतो: विहिरीच्या मंडपापाशी. (त्या मंडपाचे ग्रॅनाइटचे खांब म्हणजे इंगेलहाइमच्या, बाराशे वर्षांपूर्वीच्या सम्राट शार्लमेनच्या राजवाड्यातून आणलेले. पाण्याची जागा सजवायला इतके जुने खांब आणणाऱ्या माणसाला माझा नमस्कार.) तिथून दोन इमारती नजरेत येतात. एक फ्रीडरिशबाउ, १६०१ ते १६०७ मध्ये बांधलेली, दर्शनी भिंतीवर राजघराण्यातल्या पूर्वजांचे पुतळे ओळीने. वर छप्पर, खिडक्यांना काचा, सगळं जागच्या जागी. दुसरी ओटहाइनरिशबाउ, १५५६ च्या सुमारास सुरू झालेली, तिच्या भिंतीवर सॅमसन, हर्क्युलस, डेव्हिड आणि ग्रहदेवता. कोरीवकाम पहिलीपेक्षा सरस. पण वरच्या मजल्यांमागे काही नाही. नुसती भिंत. खिडक्यांतून ढग जाताना दिसतात.

पहिली इमारत १८९७ ते १९०० मध्ये कार्ल शेफर नावाच्या वास्तुविशारदाने पूर्ववत केली. मग त्याला हुरूप आला, दुसरीही तशीच करू म्हणाला. त्यावर जर्मनीत मोठा वाद पेटला. गेओर्ग देहिओ नावाचा कलेतिहासाचा प्राध्यापक उभा राहिला आणि म्हणाला, राखा, पण पुन्हा बांधू नका. जे गेलं त्याच्या जागी आपण बांधू ती नक्कल असेल, आणि नक्कल अस्सलाला झाकून टाकेल. शेवटी त्याचं म्हणणं टिकलं. आज जगभर जुन्या वास्तूंचे जाणकार जे बोलतात त्यातलं बरंचसं या वादातून आलंय.

मला हे वाचून माहीत होतं, पण अंगणात उभं राहिल्यावर ते डोळ्यांना पटलं. फ्रीडरिशबाउ छान आहे. शिक्का मारल्यासारखी छान. तिच्यावरून नजर पाच मिनिटांत उतरते. ओटहाइनरिशबाउवरून उतरत नाही. आणि इथे मला माझा एक जुना गुन्हा आठवला. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका ब्रिटिशकालीन दगडी सांडव्याच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, मी सिमेंटने भरून घेतल्या होत्या. चुन्याच्या होत्या, झिजल्या होत्या, वरून पत्र आलं होतं, मार्च जवळ आला होता. काम इतकं सुंदर दिसलं की साहेबांनी पाठ थोपटली. चार पावसाळ्यांत दगडांचे पापुद्रे सुटायला लागले. चुना पाणी घेतो आणि सोडतो. सिमेंट ते अडवतं, मग ओल दगडातून वाट काढते आणि दगड फुटतो. दुरुस्ती केली नसती तर तो सांडवा अजून पन्नास वर्षं नुसता कुरकुरत उभा राहिला असता. त्यामुळे ‘पुन्हा बांधू नका’ म्हणणारा प्राध्यापक मला परका वाटत नाही. त्याला आमच्या खात्यात आणायला हवा होता.

हायडेलबर्गला जायचं ते यासाठी. एकाच अंगणात दुरुस्त केलेलं आणि नुसतं राखलेलं समोरासमोर ठेवून बघायची संधी सहसा मिळत नाही. ‘पडका’ म्हणजे दुर्लक्षित नव्हे हेही इथे कळतं. भिंतीच्या माथ्यावर पाणी मुरू नये याची व्यवस्था आहे, झुडुपं वेळच्या वेळी काढलेली आहेत, ज्या कडा धोक्याच्या तिथे कठडा आहे. पडकं पडकंच ठेवायला मेहनत लागते.

मोठं पिंप. हे बघायला सगळे जातात, आम्हीही गेलो. १७५१ मध्ये बनवलेलं, सुमारे १३० ओक वृक्षांचं लाकूड लागलं, आत दोन लाख वीस हजार लिटरच्या आसपास वाइन मावते. मी लगेच हिशेब केला: दहा हजार लिटरचे बावीस टँकर! वर चढायला जिना आहे आणि माथ्यावर नाचायला फरशी. इलेक्टरला शेतसारा वाइनच्या रूपात यायचा, तो सगळा या पिंपात जायचा. म्हणजे दहा गावांची, आंबट-गोड, चांगली-वाईट, सगळी वाइन एकत्र. सौ. म्हणाली, "मिसळ झाली की." चव काय असेल याचा विचार न केलेला बरा.

पिंपासमोर पेर्केओचा लाकडी पुतळा आहे. हा दरबारातला बुटका विदूषक, पिंपाचा राखणदार. म्हणे तो लहानपणापासून वाइनशिवाय काही प्यायचाच नाही. म्हातारपणी आजारी पडला तेव्हा वैद्याने पाणी प्यायला सांगितलं, प्यायला आणि दुसऱ्या दिवशी मेला. दंतकथाच ती, पण जन्मभर लोकांना पाणी पुरवलेल्या माणसाला हे जरा लागलं.

औषधशास्त्राचं संग्रहालय त्याच ओटहाइनरिशबाउच्या तळमजल्यावर. मला वाटलं होतं दहा मिनिटांचं काम, पण सौ. तिथे तासभर रमली. तिच्या आजोबांचं आयुर्वेदाचं दुकान होतं. जुन्या औषधालयांची अख्खी फर्निचरं उचलून आणलीत, शेकडो लहान लहान ड्रॉवर, प्रत्येकावर लॅटिन नाव, चिनी मातीच्या बरण्या, मोठाले खल. एका खलापाशी ती थांबली आणि म्हणाली, "आमच्याकडचा असाच होता, मोडीत गेला." पुढे काही बोलली नाही.

बाग फुकट आहे, तिकीट लागत नाही. लोक तिथे गवतावर झोपतात. त्यांना कल्पना नसते की ते कशावर झोपलेत. डोंगर फोडून, एकावर एक टप्पे करून, मोठाल्या आधारभिंती बांधून ही सपाट जागा तयार केलीय. हे काम सालोमॉन द को या फ्रेंच अभियंत्याचं. तो पाण्याचा माणूस: कारंजी, कृत्रिम गुहा, पाण्यावर वाजणारी वाद्यं, असले उद्योग. तेव्हाचा इलेक्टर पाचव्या फ्रीडरिशने त्याला कामाला लावलं. बायको इंग्लंडच्या राजाची मुलगी, एलिझाबेथ स्टुअर्ट, तिला माहेरची आठवण येऊ नये म्हणून. तिच्यासाठीच १६१५ मध्ये एक दगडी वेस उभारली, जी म्हणे एका रात्रीत बांधून झाली. माझं मत: एका रात्रीत फक्त मोजमाप पुस्तकातल्या नोंदी होतात, वेस होत नाही. १६१९ मध्ये फ्रीडरिशला बोहेमियाचा मुकुट देऊ केला गेला, त्याने घेतला, १६२० मध्ये प्रागजवळच्या लढाईत हरला आणि सगळंच गेलं. एक हिवाळा राजा होता म्हणून नाव पडलं ‘हिवाळ्याचा राजा’. बाग अर्धवट राहिली ती राहिली. आधारभिंती मात्र चारशे वर्षं झाली तरी डोंगर पेलून उभ्या आहेत.

खाली उतरलो तेव्हा दीड वाजला होता आणि भूक सपाटून लागली होती. इथे दुसरी चूक. हाउप्टश्ट्रासे हा गावातला मुख्य रस्ता, गाड्यांना बंदी, दीडेक किलोमीटर सरळसोट. त्यावरच्या पहिल्याच हॉटेलात शिरलो. नाव सांगत नाही. वेटर आला, पाणी मागितलं. नळाचं चालेल म्हटलं तर चेहरा असा केला की जणू त्याच्या घरातलं मागितलं. पाऊण लिटरची बाटली सात युरोंची आली. जेवण मात्र चांगलं होतं हे कबूल करतो. मे महिना म्हणजे इकडे श्पार्गेलचा, पांढऱ्या शतावरीचा हंगाम, जवळचं श्वेत्सिंगन त्यासाठी प्रसिद्ध आहे. उकडलेल्या श्पार्गेलच्या जाड काड्या, उकडलेले बटाटे, वर लोण्या-अंड्याचा पिवळा सॉस. सौ. अंडं खात नाही, तिने नुसतं वितळलेलं लोणी मागितलं, ते लगेच मिळालं. पहिल्या घासाला ती म्हणाली, "मीठ?" दुसऱ्या घासाला काही म्हणाली नाही. तिसऱ्याला माझ्या ताटातली एक काडी उचलली. हॉटेल बदला, श्पार्गेल चुकवू नका. हंगाम २४ जूनला संपतो.

गावाबद्दल थोडक्यात. विद्यापीठ १३८६ चं, आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं. दंगेखोर विद्यार्थ्यांना डांबायची विद्यापीठाची स्वतःची कोठडी होती, १९१४ पर्यंत वापरात, भिंतीभर पोरांनी रंगवलेली चित्रं. बघा, अर्धा तास पुरतो. १६९३ च्या आगीतून वाचलेलं एक देखणं घर चर्चसमोर आहे, हाउस त्सुम रिटर, १५९२ चं, एका कापड व्यापाऱ्याने बांधलेलं. बाकी गाव जळल्यावर जुन्याच आखणीवर पुन्हा उभारलंय, म्हणून गल्ल्या मध्ययुगीन आणि घरं नंतरची.

चर्चपाशी मात्र थांबायला हवं. हायलिगगाइस्टकिर्शे, पवित्र आत्म्याचं चर्च. १७०६ मध्ये या एकाच चर्चच्या मधोमध भिंत घातली, एका बाजूला कॅथलिक, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट. वाड्यात सख्खे भाऊ मधे भिंत घालून दोन चुली मांडतात, तसंच. पुढे इलेक्टर कार्ल फिलिपला ती भिंत पाडून अख्खं चर्च हवं होतं, गावकरी ऐकेनात, तेव्हा त्याने १७२० मध्ये रागारागाने राजधानीच मानहाइमला हलवली. ती भिंत १९३६ पर्यंत होती! म्हणजे आमची मुलगी आज ज्या शहरात भाडं भरते, जिथे जुन्या भागात रस्त्यांना नावं नाहीत आणि पत्ता म्हणजे अक्षर-आकडा, त्या शहराचं नशीब या भिंतीपायी फळफळलं. आता आत गेलात तर भिंतीचा मागमूस नाही. मी जमीन निरखून पाहिली.

इथल्या माळ्यांवर एके काळी युरोपातल्या मोठ्या ग्रंथसंग्रहांपैकी एक होता. तीस वर्षांच्या युद्धात, १६२३ मध्ये, तो पेट्यांत भरून रोमला पोपकडे गेला. बराचसा अजून तिकडेच आहे.

जुना पूल. आता मी माझ्या अखत्यारीत आलो. या जागी आधी अनेक पूल झाले आणि वाहून गेले. शेवटचा दगडी खांबांवर लाकडी छताचा होता. १७८४ च्या फेब्रुवारीत नेकार नदीचं बर्फ फुटलं, लाटांबरोबर बर्फाच्या लाद्या आल्या आणि पूल गेला. मग कार्ल थिओडोरने १७८६ ते १७८८ मध्ये हा दगडी पूल बांधला, तोही त्याच लाल दगडात. मार्च १९४५ मध्ये मागे हटणाऱ्या जर्मन सैन्यानेच त्याच्या कमानी उडवल्या, आणि १९४७ मध्ये गावाने वर्गणी काढून पुन्हा बांधल्या. पूल पुन्हा बांधला ते मला चालतं. पुलाला काम असतं, त्यावरून माणसांना जायचं असतं.

पुलाच्या तोंडाशी घराच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत, साल आणि रेघ. सर्वांत वर १७८४. मी छत्री उभी धरून अंदाज घ्यायला लागलो तर सौ. म्हणाली, "अहो, निवृत्त झालात ना?" शेजारी ब्राँझचं माकड आहे, १९७९ मध्ये बसवलेलं, हातात आरसा. आरशाला हात लावला की पैसा येतो, बोटांना लावला की हायडेलबर्गला परत येणं होतं म्हणतात. पोकळ डोक्यात आपलं डोकं घालून फोटो काढायला रांग होती. मी आरशाला हात लावला. सौ. ने बोटांना.

पलीकडच्या काठावरून डोंगरात फिलोसोफेनवेग नावाची पायवाट जाते. पुलापासून श्लांगेनवेग, म्हणजे नागमोडी वाट, थेट वर चढते आणि तिच्या पायऱ्या गुडघ्याचा अंत पाहतात. पश्चिमेला नॉयनहाइमच्या बाजूने डांबरी चढ आहे, तोही खडाच, पण पायऱ्या नाहीत. आम्ही तिथून धापा टाकत गेलो. बाकावर बसलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि समोर अख्खा किल्ला, गाव, पूल, नदी. किल्ला त्या उन्हात खरंच पेटल्यासारखा दिसतो. इथले लोक वर्षातून तीन वेळा, जून, जुलै आणि सप्टेंबरमध्ये, किल्ला लाल प्रकाशाने उजळतात, १६८९ आणि १६९३ च्या आगीची आठवण म्हणून, आणि मग पुलावरून आतषबाजी करतात. आम्ही दोन आठवडे आधी गेलो, हुकलं.

बाकावर बसल्या बसल्या मी सौ. ला सांगितलं की याच गावच्या विद्यापीठात, दक्षिण आशिया संस्थेत, गुंथर-डिट्झ सोन्थायमर नावाचे प्राध्यापक होते. १९९२ मध्ये वारले. आयुष्यभर त्यांनी धनगरांमागे, म्हस्कोबा-बिरोबामागे, आणि सर्वांत जास्त खंडोबामागे पायपीट केली. आमचं कुलदैवत जेजुरीचं. तिने ऐकलं, किल्ल्याकडे बघत थोडा वेळ गप्प बसली आणि मग हात जोडले. कोणाला जोडले ते मी विचारलं नाही.

अर्धा तारा का कापला: किल्ल्याच्या अंगणातला गोटा-गोटा फरशीचा चढउतार म्हाताऱ्या गुडघ्यांना मारतो, चांगले जाड तळव्याचे बूट घाला आणि काठी न्या. आणि ती सात युरोंची बाटली. पाण्याची बाटली घरून भरून नेली असती तर पाचपैकी पाच दिले असते.

परतताना मात्र शहाणे झालो होतो. पुलावरून सरळ कार्ल्सटोरकडे चालत गेलो. वाटेत नदीवर बंधारा लागतो, शेजारी लॉक, म्हणजे दोन दरवाज्यांमधलं पाणी कमी-जास्त करून होड्या वर-खाली न्यायची जागा. किल्ल्याचा देखावा बिघडू नये म्हणून बंधारा मुद्दाम ठेंगणा ठेवलाय. लॉकमध्ये एक लांबलचक मालवाहू होडी हळूहळू खाली उतरत होती, डेकवर दोरीला कपडे वाळत होते. दरवाजा उघडेपर्यंत थांबलो. सौ. घड्याळ दाखवत होती. एस-बान, म्हणजे आमची लोकल, गेली, पुढची अर्ध्या तासाने होती.